न पाहिलेल्या पक्ष्याची नोंद

इंग्लंडमध्ये ट्रिंग नावाच्या गावात नॅचरल हिस्टरी म्युझियमचा पक्षिसंग्रह आहे. तिथे कापूस भरून ठेवलेला एक वीतभर पिंगळा आहे. पायाच्या चिठ्ठीनुसार तो १९१४ साली गुजरातेत, मांडवीला मिळाला आणि मिळवणारे होते कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन. पक्षी खरा आहे, रानपिंगळाच आहे. खोटी आहे ती चिठ्ठी. १८८०च्या दशकात जेम्स डेव्हिडसन नावाचे सनदी अधिकारी खानदेशात होते, शहादा-तळोद्याकडे पक्षी गोळा करायचे. हा नमुना त्यांचा. माइनर्ट्झहागेन यांनी तो संग्रहालयातून परस्पर उचलला, उसवला, नव्याने भरला, स्वतःच्या नावाची चिठ्ठी बांधली आणि पुढे आपल्या प्रचंड संग्रहासोबत त्याच संग्रहालयाला भेट म्हणून दिला. ज्याचं त्यालाच, पण स्वतःचं नाव लावून.

चोरी जाहीर व्हायला १९९९ साल उजाडावं लागलं. अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी नायजेल कॉलर यांनी त्या पक्ष्याची शिवण, आतली भरणी असं एकेक तपासलं होतं. प्रत्येक माणसाची पक्षी भरण्याची एक धाटणी असते. नव्या भरणीखाली डेव्हिडसनचा हात दिसत राहिला.

मी पक्षी बघते, त्यांच्या नोंदी ठेवते आणि या गोष्टीकडे पुन्हा पुन्हा वळते. सुरुवातीला राग यायचा. आता राग कमी झालाय आणि अस्वस्थपणा वाढलाय, कारण हा माणूस अडाणी किंवा हौशी नव्हता. इजिप्तच्या पक्ष्यांवर, अरबस्तानच्या पक्ष्यांवर त्याचे जाडजूड ग्रंथ आहेत. सलीम अली १९३७ साली त्याच्याबरोबर अफगाणिस्तानच्या मोहिमेवर गेले होते. चुकीच्या चिठ्ठीने काय होतं हे त्याच्याइतकं कुणाला कळत असेल? १९१९मध्ये परस्पर नमुने नेल्याबद्दल संग्रहालयाने त्याला पक्षिदालनाची दारं काही काळ बंदही केली होती. तरी तो थांबला नाही. (त्याच्याविषयी याहून भयंकर गोष्टीही बोलल्या जातात. त्या सिद्ध झालेल्या नाहीत. खोट्या नोंदींवर लिहिताना त्या इथे उतरवून घेणं मला शोभणार नाही.)

एका खोट्या चिठ्ठीने नुकसान काय झालं, ते बघण्यासारखं आहे. ॲलन ह्यूम यांनी १८७३ साली या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिलं. नंतर हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच नमुने मिळाले, शेवटचा १८८४ साली. पुढे पक्षी दिसेनासा झाला. विसाव्या शतकात ज्यांनी ज्यांनी तो शोधायचा म्हटला, त्यांच्यासमोर सगळ्यात ताजी नोंद होती १९१४ची, मांडवीची. शोधणारा माणूस साहजिकच ताज्या नोंदीकडे जातो. म्हणजे खोटी नोंद नुसती खऱ्यांच्या रांगेत घुसली नाही, ती खऱ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली. खरं ठिकाण सांगणाऱ्या डेव्हिडसनच्या चिठ्ठ्या त्याच संग्रहात शंभर वर्षं होत्या. १९१४ची नोंद बाद केल्यावर रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट १९९७च्या नोव्हेंबरात भारतात आले. आधी पूर्वेकडची जुनी ठिकाणं पालथी घातली, काही मिळालं नाही. मग ते शहाद्याला आले. २५ नोव्हेंबरच्या सकाळी सातपुड्याच्या पायथ्याशी, एका निष्पर्ण झाडावर, उन्हात, रानपिंगळा बसलेला होता. एकशे तेरा वर्षांनी! आणि हा काही गुपचूप राहणारा, रात्रीच बाहेर पडणारा पक्षी नव्हे. दिवसाढवळ्या शेंड्यावर बसतो. आजूबाजूच्या लोकांच्या रोजच्या नजरेतला असणार, फक्त त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

या गोष्टीला एक शेपूट आहे आणि मला तेच जास्त टोचतं. पुढच्या काळात रानपिंगळा मेळघाटात सापडला, २०१४ साली मुंबईजवळ तानसाला सापडला आणि दक्षिण गुजरातेत डांगच्या जंगलातही सापडला. म्हणजे गुजरातेत रानपिंगळा आहे असं कर्नलने नुसतं अनुमान केलं असतं, तर ते बरोबर ठरलं असतं. मग त्याची नोंद थोडी तरी खरी झाली का? नाही. अंदाज बरोबर येणं आणि पक्षी पाहिलेला असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. हे मी फार ठामपणे म्हणू शकते, कारण इथे आरोपी दुसरा आहे.

माझ्याबाबतीत हाच प्रश्न फार लहान रूपात येतो. थंडीत आपल्याकडे वटवटे येतात. बोटभर, हिरवट-मातकट, एका पानावरून दुसऱ्या पानावर सतत हलणारे. दोन जाती अशा की पंखावरच्या पट्टीवरून आणि आवाजावरून वेगळ्या करायच्या. पक्षी अर्धा सेकंद दिसतो, आवाज देत नाही आणि निघून जातो. मनात लगेच एक जण बोलू लागतो. या झाडावर, या महिन्यात, या उंचीवर तोच असणार. त्याचं म्हणणं बहुतेक वेळा बरोबरच असतं, हीच अडचण आहे. साफ खोटं असतं तर त्याला गप्प बसवणं सोपं होतं. तो मला खोटं बोल असं सांगत नाही, फक्त ‘असणार’च्या जागी ‘होता’ लिही असं सांगतो. टेकडीवर सकाळी मी एकटीच असते. साक्षीदार नाही, पंच नाही, पक्षीही साक्षीला थांबत नाही. या छंदाचा सगळा व्यवहार शब्दावर चालतो. इथे उलटतपासणी घेणारं कुणी असेल तर ते आतलंच.

त्या आतल्या माणसाला मी विचारून पाहिलंय की, तुला एवढी घाई कशाची? उत्तर कधी सरळ येत नाही. ‘विज्ञानाला मदत’ असं आधी येतं. जरा दाबलं की ‘लाइफर आहे ना’ असं येतं. लाइफर म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेली जात, यादीतला आकडा एकने वाढवणारी. आणखी दाबलं की खालून निघतो तो शेजारच्या माणसाचा आकडा. ग्रुपवर त्याने काल टाकलेला फोटो. हे सगळं कबूल करायला काही मोठी हिंमत लागत नाही; आपल्यातल्या बहुतेकांचं असंच असतं. पण एक गोष्ट मला उशिरा उमगली. यादीत भर पडावी ही इच्छा आणि पक्षी दिसावा ही इच्छा एकच आहे असं मी धरून चालले होते. त्या दोन निरनिराळ्या आहेत. पहिलीला पक्ष्याची गरज फक्त टिक मारण्यापुरती असते.

स्मरणशक्ती या बाबतीत काही भरवशाची सोबतीण नाही. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर दुर्मिळ पक्षी नोंदवला की तपासणीचं काम करणारे स्वयंसेवक वर्णन मागतात. काय पाहिलंत, कसं ओळखलंत? न्याय्य प्रश्न आहे, तरी माझ्या कपाळावर आठी उमटते. मग मी पुस्तक उघडते, आणि घोटाळा तिथेच होतो. चित्र एकदा पाहिलं की ते मागे जाऊन माझ्या आठवणीत बसतं. भुवईची पांढरी रेघ डोळ्याच्या मागे गेली होती का? हो, गेली होती. हे मी पाहिलं म्हणून लिहितेय की पुस्तकात आहे म्हणून? पंधरा मिनिटांनी मलाच सांगता येत नाही. इथे कुणी लबाडी करत नसतं, आणि नोंद मात्र भेसळीची होते. म्हणून आता पुस्तक उघडायच्या आधी जे आठवतंय तेच वहीत उतरवते. आखूड, ओबडधोबड लिहिते, ‘पाय नाही पाहिले’ हेसुद्धा लिहिते. असं वर्णन वाचून तपासणाऱ्याने नोंद नाकारली, तर नाकारली.

अर्धवट माहितीसाठी एक प्रामाणिक सोयही आहे. ‘वटवट्या, जात अनिश्चित’ अशी नोंद करता येते. बर्डिंगवाल्यांच्या भाषेत ‘एसपी’. एसपीने आकडा वाढत नाही, म्हणून ती टाकताना हात जड होतो. माझ्या याद्यांमध्ये आधी एसपी फार कमी असायच्या. त्या काळात माझी नजर आजच्यापेक्षा तीक्ष्ण होती, असं काही मला वाटत नाही.

दुसरी अप्रामाणिकता याच्या उलट्या बाजूची, आणि ती कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. यादी पाठवताना ई-बर्ड एक प्रश्न विचारतं : तुम्हाला ओळखता आलेले सगळे पक्षी तुम्ही यात नोंदवले आहेत का? ‘हो’ म्हणायचं की ‘नाही’? साळुंक्या मोजल्या नव्हत्या, कावळ्यांकडे पाहिलंही नव्हतं, पारवे तर आपण पक्ष्यांत धरतच नाही. बोट ‘हो’वर जातं. या एका ‘हो’वर पुढे बरंच उभं राहतं. २०२३चा ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल सुमारे तीस हजार पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटींवर नोंदींमधून तयार झाला. त्यात ९४२ जातींचा आढावा आहे. ज्या ३३८ जातींचा दीर्घ पल्ल्याचा कल काढता आला, त्यांतल्या ६० टक्के जाती घटताना दिसल्या. हे गणित चालतं ते यादीत काय आहे यावर आणि काय नाही यावरही. माझ्या आळसाने गाळलेली साळुंकी तिथे ‘नव्हती’ म्हणून मोजली जाते. कर्नलने नसलेला पक्षी लिहिला, मी असलेला गाळते. माझं पाप लहान आहे, हे खरं. पण ते करणारे आम्ही हजारो आहोत.

आता कुणी म्हणेल की कॅमेऱ्याने हा सगळा प्रश्नच मिटवलाय. शब्दावर विश्वास कशाला, फोटो दाखवा. आणि खरंच, धूसर का असेना, एक रेकॉर्ड शॉट असला की वाद संपतो. थापा मारणं आजच्याइतकं अवघड कधीच नव्हतं. मला मात्र वाटतं की खोटेपणा वहीतून निघाला आणि त्याची किंमत पक्ष्याच्या अंगावर गेली. ह्यूम आणि डेव्हिडसनच्या काळी पुरावा म्हणजे बंदूक. पाहिलं म्हणून भागत नसे, मारून आणावं लागे. आपण मारत नाही. पण पुराव्याचा खर्च अजून पक्षीच भरतो, फक्त हप्त्याने.

तिबोटी खंड्याचं बघा. पावसाळ्यात कोकणात, कर्नाळ्यापासून खाली चिपळूणपर्यंत, ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ करून तो पिल्लं वाढवतो. चोचीत सरड्याचं पिल्लू किंवा खेकडा धरून येतो आणि बिळात शिरण्याआधी जवळच्या फांदीवर थांबतो. ती फांदी ठरलेली असते. त्यामुळे तिच्यासमोर भिंगांची रांग लावणं सोपं जातं. आणखी सोपं करायचं तर मधल्या दोन डहाळ्या छाटायच्या, म्हणजे पाठीमागचं हिरवं छान धूसर येतं. समोर माणसं असली की खंड्या थांबतो, उडतो, परत येतो, पुन्हा थांबतो. माझ्याकडचा सुंदर फोटो बहुधा अशाच थांबण्याचा असतो. तो जितका वेळ ऐटीत बसल्यासारखा दिसतो, तितका वेळ आत कुणीतरी उपाशी असतं. आपल्या १९७२च्या वन्यजीव कायद्यात पक्ष्यांची अंडी आणि घरटी विचलित करणं हेही शिकारीच्या व्याख्येत येतं. शिकारीच्या! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला कायदा जरा अतिशयोक्ती करतोय असं वाटलं होतं. आता तसं वाटत नाही.

तीच गोष्ट प्लेबॅकची. मोबाइलवर नराचा आवाज लावायचा. खरा नर आपल्या हद्दीत कुणी घुसलं म्हणून खाणं, पिल्लं, सावधपणा सोडून समोर येतो. गंमत अशी की अभ्यासकही रानपिंगळा शोधताना हीच पद्धत वापरतात, आणि त्यातून तो कुठे कुठे टिकून आहे हे कळतं. त्यामुळे ‘प्लेबॅक वाईट’ अशी घोषणा देऊन मला सुटता येत नाही. अभ्यासक ठरावीक जागी, ठरावीक वेळ आवाज लावतो, उत्तर मिळालं की बंद करतो. मिळालं नाही, तरी बंद करतो आणि ‘नाही’ असं लिहितो. मी लावला तर पक्षी येईपर्यंत लावेन. माझ्या मागून येणारा पुन्हा लावेल. रविवारी सकाळी त्या नराने किती भांडणं भांडायची?

इथे माझ्या मनातल्या दोन सत्प्रवृत्तींचीच आपसात जुंपते, आणि अजूनही जुंपते. खरेपणा म्हणतो, खात्री नसेल तर लिहू नकोस. खात्री करून घे, चार पावलं पुढे जा. दया म्हणते, तो मान वर करून तुझ्याकडे बघतोय, मागे हो. दोघांचंही ऐकायचं तर एकच वाट उरते. मागे व्हायचं आणि रिकाम्या हाताने घरी जायचं. दुर्मिळ पक्षी डोळ्यांसमोर असू शकतो आणि वहीत एसपी. या वाटेने जाणं मला प्रत्येक वेळी जमतं असं मी म्हणणार नाही. ज्या वेळी जमतं, त्या वेळी आत शांत वगैरे वाटत नाही. चरफडायला होतं.

आणि ‘कुठे दिसला?’ हा प्रश्न. तानसाची बातमी आल्यावर मुंबई-ठाण्याच्या कॅमेऱ्यांना रानपिंगळा एका सकाळच्या अंतरावर आला. काही संवेदनशील जातींची नेमकी ठिकाणं ई-बर्डवर झाकलेली असतात, पण व्हॉट्सॲपवर कोण झाकणार? मी ठिकाण सांगत नाही. खोटं ठिकाणही सांगत नाही, ‘नाही सांगणार’ असं म्हणते, आणि लोक दुखावतात. त्यांचं दुखावणं रास्त आहे. मी पाहिलेल्या बऱ्याच चांगल्या पक्ष्यांचा पत्ता मला कुणीतरी सांगितलेला होता. आपण आत आल्यावर दार लावून घ्यायचं आणि त्याला संवर्धन म्हणायचं, यात सोय किती आणि तत्त्व किती हे मी अजून वेगळं करू शकलेले नाही. नवख्या मुलांना बरोबर घेऊन जाते, पत्ता पाठवत नाही. एवढाच एक मधला मार्ग सुचलाय.

तत्त्वाचा पैशाशी संबंध येतो तेव्हा तर माझी फारच पंचाईत होते. भिगवणला उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित येतात. होडीवाले मूळचे मासेमारी करणारे. पाहुण्यांना फिरवणं हा त्यांचा हंगामाचा धंदा. एकदा थव्याजवळ गेल्यावर होडीवाल्याने सहज विचारलं, “उडवू का, ताई?” जणू साखर किती घालू असं विचारावं तसं. थवा उडाला की पंखाखालचा तांबडा-काळा रंग दिसतो, लोक खूश होतात, वर चार पैसे देतात. मी नको म्हटलं. तेवढ्यात पलीकडच्या होडीने उडवला. शेकडो रोहित एकदम उठले आणि मी काही ठरवायच्या आत माझा कॅमेरा वर गेला होता. फोटो उत्तम आलेत. माझा ‘नको’ आणि माझे फोटो, दोन्ही खरे आहेत. त्या दिवशी त्या थव्याची खाण्याची वेळ गेली, ती कुणाच्या खात्यावर मांडायची?

होडीवाल्याला दोष देणं मला पटत नाही. त्याने पक्ष्यांना उडवायचं कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं, आम्हीच शिकवलं, प्रत्येक वरकमाईगणिक. पक्षी दिसल्यावर, फोटो मिळाल्यावर खुशीने पैसे द्यायची आमची रीत. म्हणजे तो ज्याचा धंदा करतो ते पक्षी नव्हेत, आमचं समाधान आहे, आणि ते जवळून आणि लवकर मिळालं पाहिजे. माझ्या तत्त्वाचा भुर्दंड त्याच्या खिशाला बसू नये, म्हणून हल्ली मी वरचे पैसे होडीत पाय ठेवायच्या आधीच देते.

पहिल्यांदा दिले तेव्हा तो नोटेकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिला.

“आणि नाय दिसलं काही तर?”

“तरी तुमचेच.”

“म्हंजे लांबनंच बघायचं, असं ना?” त्याला व्यवहार बरोबर कळला होता. परत आल्यावर म्हणाला, “आता हे त्या पुढच्या पार्टीला पण सांगा की. आम्ही सांगितलं तर धंदा जातोय.”

पुढची पार्टी काठावर उभी होती. चार जण, अंगावर जंगली रंगाची जॅकेटं, खांद्यावर माझ्यापेक्षा लांब भिंगं. मी गेले, ओळख करून घेतली आणि सांगितलं की थवा चरतोय, होडी लांब थांबवलीत तर बरं, आणि होडीवाल्याला पैसे आधीच देऊन टाका. त्यांनी नीट ऐकून घेतलं, उद्धटपणा कुणी केला नाही. त्यातल्या एका तरुण मुलाने विचारलं, “मॅडम, तुमच्याकडे फ्लाइट शॉट्स आहेत का?”

आहेत, म्हटलं.